स्ट्रॉबेरीची कांडी

गेल्या महिन्यात बेळगावच्या बाजारात एका दुकानी वह्या घेण्यासाठी आम्ही उभे होतो. शेजारी दोन शाळकरी मुली ओठांना लावावयाच्या रंगीत कांड्या एकेक करून नाकाशी नेत होत्या. “ही नको, हिला वासच नाही,” असे एकीने म्हटले, आणि दुसरीने झाकण काढून पुढे केलेल्या कांडीचा वास वाऱ्याबरोबर आमच्याकडे आला. तो स्ट्रॉबेरीचा होता. वह्यांचे पैसे हातात तसेच राहिले. दुकानदाराने दोनदा विचारले तेव्हा आम्ही भानावर आलो, आणि वह्यांबरोबर तीही एक कांडी मागून घेतली. या वयात ही कांडी कोणासाठी, असे त्याच्या चेहऱ्यावर उमटलेले आम्हांस दिसले. पण त्याला काय सांगणार!

आमचे मामा बोटीवर नोकरीस होते, आणि त्यांची बोट अमेरिकेच्या बंदरांना लागत असे. १९८६ च्या नाताळास ते घरी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेतून बाबांसाठी दाढीची पाती निघाली, आईसाठी साबणाच्या वड्या निघाल्या, आणि आमच्या थोरल्या बहिणीसाठी, आक्कासाठी, एक बोटाएवढी कांडी निघाली. आक्का त्या वेळी चौदा वर्षांची होती, आम्ही नऊ. आमच्या वाट्यास रंगीत पेन्सिली आल्या. त्या चांगल्या होत्या. पण कांडीवर एक लाल फळ काढलेले होते, आणि तसले फळ आमच्या गावात कोणी कधी पाहिलेले नव्हते. झाकण उघडताच जो गोड वास घरभर पसरला, त्यापुढे पेन्सिलींची काय कथा?

कांडीवरची अक्षरे जुळवून आम्ही ‘लिप स्मॅकर’ असे नाव वाचले. तिचा इतिहास मागाहून कळला. अमेरिकेत ओहायो प्रांतात जेसी बेल नावाच्या गृहस्थांनी १९२७ साली सौंदर्यप्रसाधनांचा धंदा काढला आणि आपल्या मुलीचे बॉन हे नाव त्याला दिले. १९७३ साली त्याच बॉन बेल कंपनीने फळांच्या वासाच्या या कांड्या बाजारात आणल्या. आरंभी वास तीनच होते: स्ट्रॉबेरी, हिरवे सफरचंद आणि लिंबू. १९७५ साली डॉक्टर पेपर या तिकडील पेयाच्या चवीचीही कांडी निघाली. लिपस्टिक लावण्याचे ज्यांचे वय नव्हते, अशा मुलींच्या दप्तरांतून त्या हिंडू लागल्या. २०१५ साली हा माल दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला, पण कांड्या आजही निघतात. त्या काळच्या तिकडील मुली आता आज्या झाल्या असतील. त्यांच्यापैकी कितीजणींना आमच्यासारखे दुकानात थबकावे लागत असेल, कोण जाणे.

आमच्या घरी थंडीत ओठ उलले की त्यावर कोकमतेल हाच इलाज असे. कोकमाच्या बियांपासून काढलेला तो पांढुरका घट्ट गोळा जरा ऊन करून आई ओठांवर नि टाचांवर एकाच बोटाने फिरवी. गुणाला तो कांडीपेक्षा तसूभर कमी नव्हता, हे आज आम्ही खात्रीने म्हणू. ओठांच्या कातडीत शरीराच्या इतर भागांप्रमाणे तेल पुरविणाऱ्या ग्रंथी नसतात, म्हणून ते लवकर कोरडे पडतात. वरून स्निग्ध थर दिला की ओल टिकते. पण जीभ फिरवली की थुंकी वाळताना उरलीसुरली ओलही घेऊन जाते. आता गोड वासाची वस्तू ओठांना लावून जीभ आवरावयाची म्हणजे सोपे का काम? म्हणून लावावी, चाटावी, पुन्हा लावावी, असा तो खेळ चाले. कोकमतेल मात्र कोणी चाटल्याचे ऐकिवात नाही.

एका रविवारी आम्ही ती कांडी चोरून लावली. कोम्युनियन घेण्यापूर्वी तासभर काही खावयाचे नाही, हा नियम आम्हांस ठाऊक होता; पण चाटणे म्हणजे खाणे नव्हे, असा आमच्या मनाने निकाल दिला होता. देवळाच्या दारात आईने आमचा हात धरला, खाली वाकून एकदाच वास घेतला, आणि पदराने ओठ असे पुसले की ते सोलवटून निघाले. आक्का जवळच उभी होती. घरी येईपर्यंत ती चकार शब्द बोलली नाही. मार मिळाला असता तर बरे, असे आम्हांस वाटले.

त्या संध्याकाळी तिने आम्हांस मागील दारी बोलाविले, हनुवटी धरून तोंड वर केले आणि आपल्या हाताने कांडी आमच्या ओठांवरून फिरविली. “दर रविवारी मिस्सा झाल्यावर लावीन. मागायचे नाही, चोरायचे नाही. आणि चाटू नकोस,” असे तिने बजाविले. हा नेम जवळजवळ वर्षभर चालला. शेवटी काडेपेटीच्या काडीने तळ खरवडण्याची वेळ आली, तेव्हाही पहिला वाटा आमचाच असे. रिकामी नळी पुढे कितीतरी दिवस तिच्या कपड्यांच्या पेटीत होती.

खरी स्ट्रॉबेरी आम्ही बऱ्याच वर्षांनी महाबळेश्वरी खाल्ली. ती आंबट लागली, आणि ‘ही ती नव्हे’ असे मनात आले. वस्तुतः कांडीतला वासच बनावट. प्रयोगशाळेत तयार केलेली सुवासिक द्रव्ये त्यासाठी वापरतात. पण आमच्या नाकाने आधी तोच ओळखला होता, त्याला फळाने काय करावे? वासाची वार्ता मेंदूत स्मृतीच्या नि भावनेच्या ठिकाणी इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोहोचते, असे शास्त्रज्ञ सांगतात.

आक्का लग्नानंतर वडोदऱ्यास गेली. २०२१ साली तिला कोरोना झाला. त्यातून ती उठली, परंतु वास गेला तो गेलाच. चुलीवर दूध करपले तरी तिला धूर दिसल्यावाचून कळत नाही. आंबट, गोड, खारट एवढे जिभेला समजते. आमटी कसली हे समजत नाही. डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगावयास सांगितले आहे. असा अभ्यास कित्येकांना लाभतो. आक्काही तो नेमाने करते. लिंबाचा थोडासा भास होतो, एवढेच.

तिच्या नातवाच्या बाप्तिस्म्यास आम्ही वडोदऱ्यास गेलो, तेव्हा बाजारातली ती कांडी बरोबर नेली. पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर ती तिच्या हाती दिली. तिने झाकण काढले, डोळे मिटले, आणि बराच वेळ ती नाकाशी धरून बसली.

“मेण आहे, एवढे कळते,” ती म्हणाली.

आम्हांस काय बोलावे सुचेना. नेले नसते तर बरे झाले असते, असेही वाटून गेले. तेवढ्यात तिने आमची हनुवटी धरली, तोंड वर केले, आणि पूर्वीसारखीच कांडी आमच्या ओठांवरून सावकाश फिरविली.

“आता तू सांग, कसा आहे वास.”

आम्ही सांगितले: ट्रंक, साबणाच्या वड्या, देवळाचे दार, आईचा पदर, मागील दारची संध्याकाळ. ती मान डोलावीत ऐकत होती.

“चाटू नकोस हं,” ती म्हणाली.