ठिपक्याला नाव नसतं

2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे 10 जण ‘कुबेर’ या आपल्याच मच्छीमार ट्रॉलरवरून किनाऱ्याजवळ आले. रडारला असा ट्रॉलर म्हणजे नुसता ठिपका, आणि ठिपक्याला नाव नसतं. म्हणून आता किनाऱ्यावरचे रडार, कॅमेरे आणि बोटीची ओळख सांगणारं एआयएस यांची माहिती गुरुग्रामच्या केंद्रात एकत्र जुळवतात. छान. पण मच्छीमारांत एआयएसची सक्ती 20 मीटरहून लांब बोटींनाच. माझ्या काकांची होडी त्यात कुठली बसायला! त्या रात्री रबरी बोटीतून उतरलेल्या अनोळखी पोरांना हटकलं होतं ते कोळ्यांनीच. मग 1554 वर आलेला होडीवाल्याचा फोनसुद्धा रडारच्या ठिपक्याशेजारी, त्याच पडद्यावर दिसायला नको का?