थांबण्याचा हिशेब

ग्वाल्हेर म्हटले की इतिहासवाल्यांना शिंदे आठवतात, गाणाऱ्यांना घराणे आठवते आणि कविता वाचणाऱ्यांना भा. रा. तांबे. आपल्या गोव्यालाही ते गाव परके नाही. शिंद्यांच्या फौजेत जिवबादादा, लखबादादा लाड ह्यांच्यासारखे सारस्वत सरदार होते. मला मात्र गेले दोन महिने ग्वाल्हेर म्हटले की सायकलची डिस्क आठवते. त्याचे कारण माझा भाचा.

माझी बहीण लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्करात गेली. घाबरू नका, लष्कर हे तिथल्या एका भागाचे नाव. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली तिथे तळ दिला, तळाचे गाव झाले आणि नाव तसेच राहिले. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने एक वापरलेली माउंटन बाइक विकत घेतली आणि पहाटे गडावर चढून जायचा नाद लावून घेतला. चढण्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. प्रश्न उतरण्याचा होता. उरवाई दरवाज्याकडच्या रस्त्याने खाली येताना ब्रेक दाबला तरी सायकल वेळेवर थांबत नाही, शेवटी शेवटी तर लिव्हर हँडलला येऊन टेकतो, हे त्याने आईला सांगितले नाही, मला सांगितले. आणि वर म्हणाला, "मामा, आता दोन्ही चाकांना २०३ची डिस्क बसवून घेतो. म्हणजे कटकटच मिटली."

कटकट अशी मिटत नाही, असे माझे मत आहे, आणि ते फक्त सायकलीपुरते नाही. पण आधी सायकलीचे बोलू.

सरकारी कार्यालयात खरेदीच्या फायली मी बरीच वर्षे हाताळतो. त्या पद्धतीला कितीही नावे ठेवा, तिच्यात एक गोष्ट शहाणपणाची आहे. वस्तू कोणती घ्यायची ह्याच्या आधी ती कशासाठी हवी हे कागदावर लिहावे लागते. भाच्याला मी तेच करायला लावले. ग्वाल्हेरचा गड गावापासून सुमारे १०० मीटर उंच. भाचा, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून वजन ८० किलो. मी कला शाखेचा, पण एवढा गुणाकार मलाही येतो. ८० किलो वजन १०० मीटर खाली आणताना सुमारे ७८ हजार ज्यूल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाव लिटर पाणी उकळायला साधारण तेवढीच लागते. तिचा काही भाग वारा आणि टायर खातात. उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. डिस्क म्हणजे दुसरे काही नाही, ही उष्णता घेऊन वाऱ्यावर सोडणारी पोलादी चकती.

मोजमापाचे त्या गावाला वावडे नसावे. गडाच्या पूर्वेकडच्या पायवाटेवर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ. स. ८७६च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबीरुंदी २७० आणि १८७ हात अशी कोरली आहे. शून्याच्या जुन्या लेखनाचा नमुना म्हणून लोक तो लेख पाहायला जातात. मला त्यात कौतुक वाटते ते बाग 'मोठी' आहे असे न लिहिता किती हात आहे ते लिहिण्याचे.

आता डिस्कचा आकार. माउंटन बाइकला सर्वसाधारणपणे १६०, १८० आणि २०० किंवा २०३ मिलिमीटर व्यासाच्या डिस्क मिळतात. डिस्क मोठी म्हणजे पॅड चाकाच्या मध्यापासून लांब धरतो, म्हणजे तेवढ्याच दाबात जोर जास्त. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला की हात कमी दुखतो, तसेच हे. १६०वरून १८०वर गेलात तर जोर साधारण एक अष्टमांशाने वाढतो, २०३वर गेलात तर पाव हिश्शाहून थोडा अधिक. शिवाय मोठ्या डिस्कमध्ये धातू जास्त, म्हणून ती तापतेही सावकाश. हे सगळे फायदे खरे आहेत. ९० किलोचा माणूस सामान लादून चोर्ल्याचा घाट उतरणार असेल, तर पुढच्या चाकाला १८० किंवा २०३ घेणे मला पटते. चोर्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. तिथून खाली केरीला येईपर्यंत ग्वाल्हेरचा गड कितीतरी वेळा उतरून होतो.

पण साठ किलोचा पोरगा, १०० मीटरचा उतार आणि कोरडा डांबरी रस्ता ह्यांना दोन्हीकडे २०३ कशाला? ब्रेक लागला की वजन पुढे ढकलले जाते आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला जादा जोर दिला की ते जागच्या जागी थांबते आणि सायकल घसरते. शेवटी सायकल थांबते ती टायरच्या पकडीने, डिस्क फक्त चाक थांबवते. म्हणून डिस्क मोठी करायचीच तर आधी पुढची करावी, आणि पुढच्या फोर्कला बनवणाऱ्याने किती मोठ्या डिस्कपर्यंत परवानगी दिली आहे ते बघूनच करावी. मोठ्या डिस्कचा ताण फोर्कवर येतो. कॅलिपर सरकवायला वेगळा अडॅप्टर लागतो, तो खर्च निराळाच.

बसवण्याच्याही दोन पद्धती आहेत. एकीत सहा बोल्ट असतात, दुसरीत मधे दाते आणि एक मोठे कडे. तिला सेंटरलॉक म्हणतात. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टांची डिस्क बसवता येते, उलट जमत नाही. दुकानात जाण्यापूर्वी चाकाकडे एकदा नीट बघितले तर फेरी वाचते.

आणि आता खरी गोष्ट. जी डिस्क लहान म्हणून बदलायला निघालास ती आधी वाच आणि मोज, असे मी भाच्याला सांगितले. डिस्कवर बारीक अक्षरे छापलेली असतात, ती कुणी वाचत नाही. त्याच्या डिस्कवर दोन गोष्टी होत्या. एक, किमान जाडी १.५ मिलिमीटर. नवीन डिस्क साधारण १.८ची असते, १.५च्या खाली गेली की ती टाकायची. दुसरी सूचना 'रेझिन पॅड ओन्ली', म्हणजे हिला फक्त रेझिनचे पॅड लावा. स्वस्त डिस्कचे पोलाद मऊ असते. तिला धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड लावले तर ते तिला कानशीसारखे खातात.

भाचा सायकल घेऊन ओळखीच्या लेथवाल्याकडे गेला. पॅड घासतो त्या पट्ट्यावर, कडेची उरलेली किनार टाळून, व्हर्नियरने मोजले. पुढची डिस्क १.४ भरली. पॅड काढून बघितले तर धातूचे, आणि तेही संपत आलेले. आधीच्या मालकाने कधीतरी हाताला लागले ते पॅड घातले असणार. त्यात ब्रेक तारेचा. अशा ब्रेकमध्ये पॅड झिजला की तार हाताने ताणून घ्यावी लागते, तो आपोआप पुढे सरकत नाही. लिव्हर हँडलला टेकत होता त्याचे कारण इथे होते, १६० ह्या आकड्यात नव्हते. मोठी डिस्क लावून हाच पॅड आणि हीच सैल तार ठेवली असती तर काही दिवस बरे वाटले असते. पुढे गडाच्या वळणावर काय झाले असते ते माझ्या बहिणीला मी सांगणार नाही.

शेवटी १६०चीच नवी डिस्क, रेझिनचे पॅड आणि नवी तार एवढ्यात काम झाले. नवी डिस्क लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू कमी करायचा, पूर्ण थांबायचे नाही. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो. डिस्कला तेलकट बोट लावायचे नाही, आणि साखळीला तेल घालताना तिकडे शिंतोडा जाऊ द्यायचा नाही. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाआधी दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे डिस्कला श्वास मिळतो.

आपल्याकडचा हिशेब थोडा वेगळा आहे. ग्वाल्हेरची धूळ कोरडी, आपला चिखल ओला आणि त्यात जांभ्या दगडाची कच. जुन्या रिम ब्रेकमध्ये हीच कच रबर आणि रिम दोन्ही खायची, म्हणून गोव्यात डिस्कला खरा अर्थ आहे, तिकडच्यापेक्षा जास्तच. पावसात रेझिनचे पॅड भराभर संपतात. जून ते सप्टेंबर रोज सायकल चालवणाऱ्याने धातूचे पॅड घ्यावेत, पण मग ते चालणारी कठीण पोलादाची डिस्कही घ्यावी. जोडी जुळवूनच घ्यायची. पत्रिका बघताना आपण छत्तीस गुण मोजतो, इथे दोनच मोजायचे आहेत.

मला खंत वाटते ती वेगळीच. दुकानात आपण किती गिअर आहेत विचारतो, वजन किती, रंग कुठले विचारतो. किती अंतरात थांबते आणि कशाने थांबते, हे विचारणारा माणूस मी क्वचितच पाहिला. स्कूटरचे तेच, गाडीचे तेच. ब्रेक म्हणजे दिसायला मोठा असला की झाला, अशी समजूत. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण मोटारींच्या जगाला त्याची किंमत कळली ती जॅग्वारने १९५३ साली ल माँची शर्यत डिस्क ब्रेक लावून जिंकली तेव्हा. उशिरा आणि बिनधास्त थांबता येते ह्या भरवशावरच पुढे वेग घेता येतो. थांबण्याची सोय हा वेगाचाच भाग आहे, त्याचा अडसर नव्हे.

तेव्हा घरातल्या कुणी मोठ्या डिस्कचा हट्ट धरला तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच पैसेही काढू नका. उतार किती, वजन किती, पाऊस किती हे आधी लिहून घ्या. जुन्या डिस्कवरची अक्षरे वाचा, जाडी मोजा, पॅड काढून बघा, तार ताणून बघा. एवढे करून गरज उरलीच तर मोठी डिस्क जरूर घ्या, पुढच्या चाकापासून सुरुवात करून.