हमी सरकारला, भरवसा नशिबावर

वाशिम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि 2018 मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. मोठे उद्योग नसलेल्या अशा जिल्ह्यात रस्ते, पाणीयोजना, शाळाखोल्या ही शासकीय कामे शेतीबाहेरच्या रोजगाराचा मोठा आधार असतात. मोठ्या कामाचा ठेका बहुधा बाहेरच्या कंपनीकडे जातो. प्रत्यक्ष मुरूम टाकणारा, सेंट्रिंग बांधणारा, चर खोदून नळ अंथरणारा मात्र पुष्कळदा रिसोड-मानोऱ्याकडचा पोटठेकेदार असतो. कर्जाच्या टिप्परवर आणि उधारीच्या सिमेंटवर तो काम पुरे करतो. त्याचे पैसे अडले, तर त्याने कोणाच्या दारात जावे?

शासन ठेका देताना अनामत रक्कम व बँकेची हमी घेते. परंतु ती शासनाचे नुकसान टाळण्यासाठी. पोटठेकेदाराचा करार शासनाशी नसतो आणि कराराबाहेरच्यास त्या करारावरून दावा सांगता येत नाही, हे न्यायालयांनी मानलेले जुने तत्त्व आहे. 2025 च्या जुलैत सांगली जिल्ह्यातील एका तरुणाने जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकल्याच्या विवंचनेत जीवन संपविल्याची वार्ता आली, तेव्हा शासनाकडून मिळालेले उत्तरही हेच होते: ठेका त्याच्या नावावर नव्हता.

अमेरिकेने हा पेच 1935 च्या मिलर कायद्याने सोडविला. खाजगी इमारतीवर थकबाकीचा बोजा चढविता येतो, सरकारी इमारतीवर नाही. म्हणून तेथे मोठ्या संघीय बांधकामाच्या ठेकेदारास दोन हमीरोखे द्यावे लागतात. एक काम पुरे होण्याचा, दुसरा श्रम व माल पुरविणाऱ्यांच्या पैशाचा. शेवटचे काम केल्यापासून 90 दिवसांत पैसे न मिळाल्यास पोटठेकेदार त्या रोख्यावर दावा लावू शकतो.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. ठेकेदाराने मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, असे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले आणि 2020 च्या श्रमसंहितेतही ते कायम राहिले. मजुरास जे मिळाले, ते मजुरांना कामावर आणणाऱ्या पोटठेकेदारास मात्र मिळाले नाही. लघुउद्योगांची देणी 45 दिवसांत चुकविण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने घातले खरे. तथापि बांधकामाच्या ठेक्यांना तो लागू नाही, असे निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत.

दुसऱ्या रोख्याने कामाचा खर्च वाढेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण तो खर्च आजही कोणीतरी सोसतोच. फक्त तो निविदेत न दिसता गावातल्या सावकाराच्या वहीत दिसतो. शासनानेच निधी रोखला तर रोखा पुरेसा ठरणार नाही, हेही मान्य. म्हणून वेळेवर देयके देण्याचे कर्तव्य शासनाने पाळावेच. शिवाय मोठ्या निविदेत पोटठेकेदारांच्या नावांची नोंद आणि त्यांच्या देण्यांचा स्वतंत्र हमीरोखा सक्तीचा करावा. ज्याच्या घामावर सार्वजनिक काम उभे राहते, त्याला निदान मागण्याचा हक्क तरी असला पाहिजे.