अंगठ्याची किंमत पाच हजार नाही!

मंडळी, चाकण-भोसरीत पॉवर प्रेसवर कुणाचं बोट गेलं, तर दोन ओळींची बातमी होते. बऱ्याचदा तीही होत नाही. ठेकेदार पाच-दहा हजार हातावर टेकवतो, कोऱ्या कागदावर सही घेतो आणि पोरगं गावाकडं. विषय संपला.

आता कायदा बघा. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कुठला अवयव गेला तर किती टक्के, हे छापलेलंच आहे. अंगठा 30 टक्के, पूर्ण तर्जनी 14, एका हाताची चारही बोटं 50. वय 25 आणि हिशेबाला धरलेला पगार 15,000 असेल, तर अंगठ्याचे साधारण 5 लाख 85 हजार होतात. कामावर, कामामुळे इजा झाली हे दाखवायचं. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ कंपनी सुटत नाही. दाव्याला मुदत दोन वर्षं.

ईएसआय लागू असेल (पगार 21,000 पर्यंत), तर ही भरपाई मालकाकडून मागता येत नाही. त्याऐवजी कायमच्या अपंगत्वाला महामंडळाकडून दरमहा, आयुष्यभर पैसे मिळतात. दोन्ही कायदे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र केलेत, पण हिशेबाचा गाभा तोच आहे.

मग घोडं अडतं कुठं? कागदावर. दवाखान्यात सुपरवायझर सांगतो, "गाडीवरून पडला." केसपेपरवर तेच लागतं. हजेरीची नोंद नाही, पगार रोखीत, गेटपासवर ठेकेदाराचं नाव. सेफ इन इंडिया या संस्थेचे 'क्रश्ड' अहवाल 2019 पासून हेच सांगतायत की, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या अनेक जखमी कामगारांना ईएसआय कार्ड मिळतं ते अपघात झाल्यावर.

8 डिसेंबर 2023 ला तळवड्यात केकवरच्या स्पार्कल मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. बळींत बहुतेक बायाच. अशा शेडमध्ये हजेरीपट कुठून आणणार?

आपल्याला दावा म्हटलं की काळा कोट आठवतो. पण वकील उभा राहण्याआधी कुणीतरी केसपेपरची नक्कल काढतं, साक्षीदाराचा नंबर घेतं, बँक पासबुकातला पगार शोधतं, तारखा लावून फाईल बांधतं. मोठ्या फर्ममध्ये त्याला पॅरालीगल म्हणतात, आपल्याकडं वकिलाचा कारकून. अर्धी केस तिथंच ठरते, आणि जखमी कामगाराला नेमका तोच माणूस मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, आणि प्राधिकरणाकडं पॅरालीगल व्हॉलंटियरची योजनाही आहे. त्यांचं कायमचं टेबल वायसीएमला आणि मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात लावा. जखमी माणूस कोर्टात नंतर येतो, आधी तो स्ट्रेचरवर येतो.

लघुउद्योजक म्हणतील, आम्हाला परवडत नाही. 15,000 पगारावर ईएसआयचा मालकाचा हिस्सा 3.25 टक्के, म्हणजे महिन्याला 488 रुपये. एवढंही परवडत नसेल, तर ते नुकसान पोराच्या हातातून वसूल होतंय, एवढं तरी मान्य करा.

तोवर कामगार बंधू-भगिनींनो, तीन गोष्टी करा. केसपेपरवर "कंपनीत, मशिनवर" हेच लिहून घ्या. गेटपास आणि मशिनचा फोटो घरी पाठवा. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. उरलेल्या बोटांनीसुद्धा नाही.