चुकलेली रेघ सापडते कशी?

काय मुलांनो, चाचणीचे पेपर मिळाले का हातात? गुण मोजून झाले? तर आज मी तुम्हाला एका पेपराची गोष्ट सांगणार आहे. यात चुकले होते ते मुलं नव्हेत, बाईच!

आमच्या लोणी भापकरला पाचवीच्या भूमितीचा पेपर मी घरच्या संगणकावर तयार केला होता. एक त्रिकोण काढला, कोपऱ्यांना क, ख, ग अशी नावं दिली आणि प्रश्न घातला, 'आकृतीतील काटकोन ओळखा.' वर्गातल्या एका मुलीनं उत्तर लिहिलं, 'यात काटकोन नाही.' मी तांबड्या पेनानं फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती पेपर आणि कोनमापक घेऊन टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "बाई, मोजून बघा ना." मोजला, तर कोन ७६ अंशांचा! मग मी फुली खोडली, गुण दिला, सगळ्या वर्गासमोर चूक कबूल केली आणि घरी जाऊन ती शोधायला बसले.

चूक कशी झाली ते सांगते. मी 'लाटेक' नावाची प्रणाली वापरते. तिच्यात माऊसनं रेघोट्या ओढायच्या नसतात, लिहून आज्ञा द्यायच्या असतात. चित्रं काढणाऱ्या तिच्या भागाचं नाव 'टिक्झ'. तो जर्मनीच्या टिल टांटाऊ यांनी तयार केला. या नावाचा जर्मनमधला विस्तार मोठा गमतीदार आहे : 'टिक्झ हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम नव्हे!' आलेखाच्या कागदावर आपण बिंदू मांडतो ना, तसे बिंदू त्याला सांगायचे. एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर. मला सांगायचं होतं : (०,०) पासून (४,०), तिथून (४,३), आणि परत सुरुवातीला. घाईत मी (४,३) ऐवजी (३,४) लिहिलं. बस्स, काटकोन गेला!

पण संगणक एका शब्दानं बोलला नाही. का बरं? त्याच्या दृष्टीनं चूक नव्हतीच. (३,४) हाही बिंदू, आणि झाला तोही त्रिकोणच. मला काय हवं होतं, हे त्याला कुठे ठाऊक? म्हणून पहिला धडा : संगणक गप्प बसला म्हणजे चित्र बरोबर आहे असं नाही. छापून घ्या, पट्टी आणि कोनमापक लावा.

दुसऱ्या प्रकारची चूक मात्र आरडाओरडा करते. आपण वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देतो, तसा टिक्झला प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम लागतो. तो राहिला की संदेश येतो. त्याचा अर्थ साधारण असा, 'या रेषेचा नाद सोडला. अर्धविराम विसरलात का?' सोबत ओळीचा क्रमांकही असतो. गंमत अशी, की अर्धविराम विसरलेला असतो नवव्या ओळीत आणि तक्रार येते दहाव्या किंवा अकराव्या ओळीची! कारण पुढचं वाचेपर्यंत त्याला कळतच नाही, की आधीचं वाक्य संपायला हवं होतं. म्हणून दाखवलेली ओळ बघा, आणि तिच्या वरचीही बघा.

एकदम वीस चुका दिसल्या तर? घाबरायचं नाही. पहिली तेवढी दुरुस्त करा आणि पुन्हा चालवा. कितीतरी वेळा बाकीच्या आपोआप पळतात. गवंडीकाका खालचा थर ओळंब्यात आल्याशिवाय वरचा थर चढवत नाहीत, तसंच हे.

तरीही सापडत नसेल, तर अर्धं-अर्धं करा. चाळीस ओळी असतील तर वीस झाका. ओळीच्या आधी टक्क्याचं चिन्ह दिलं की संगणक ती वाचत नाही. मात्र एखादी आज्ञा मध्येच तोडू नका. चूक गेली तर ती झाकलेल्या भागात, राहिली तर उघड्या भागात. मग दहा, मग पाच... पाच-सहा पायऱ्यांत चोर हाती लागतो!

आता आपल्या मराठीची अडचण. कधी त्रिकोण ठीक येतो, पण क, ख, ग च्या जागी कोरी जागा नाहीतर रिकामी चौकट दिसते. निवडलेल्या फॉन्टमध्ये आपली अक्षरंच नसतात. ही तक्रार 'लॉग' नावाच्या टिपणवहीत लिहिलेली असते. 'मुक्त'सारखा देवनागरी फॉन्ट द्यायचा, आणि लिपी देवनागरी आहे हेही सांगायचं. नाहीतर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते.

या सगळ्याच्या मुळाशी 'टेक' ही प्रणाली आहे. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड नुथ यांनी १९७७ साली आपल्या पुस्तकाची छपाईची मुद्रितं पाहिली. ती त्यांना इतकी वाईट वाटली, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. त्यांचं मोठेपण पुढेच आहे. आपल्याकडून झालेल्या चुकांची त्यांनी वर्षानुवर्षं नोंद ठेवली, ती १९८९ साली छापलीही. त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला त्यांनी २.५६ डॉलरचं बक्षीस ठेवलं! सुधारणा होईल तसा टेकच्या आवृत्तीचा क्रमांक 'पाय'च्या जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला.

एवढा मोठा माणूस चूक दाखवणाऱ्याला बक्षीस देतो, आणि मी मात्र फुली मारली होती! तेव्हापासून माझ्या टेबलावर एक वही आहे, 'बाईंच्या चुका' नावाची. चूक दाखवणाऱ्याला एक नवी पेन्सिल मिळते. पहिली पेन्सिल कुणाला मिळाली, हे सांगायला नकोच!

पालकहो, एक विनंती. मूल 'पुस्तकातलं चित्र चुकलंय' म्हणालं, तर 'गप्प बस, छापलेलं बरोबरच असतं' असं म्हणू नका. पट्टी आणून द्या. चूक मुलाची असेल तर ती त्यालाच सापडेल, पुस्तकाची असेल तर सगळ्यांच्याच उपयोगी पडेल.

करून पाहा : आलेखाच्या कागदावर हे बिंदू क्रमानं जोडा : (०,०), (५,०), (५,५), (५,०), आणि परत (०,०). काढायचा होता चौरस. कोणता बिंदू चुकला? त्या जागी काय हवं? उत्तर पुढच्या अंकात. तोवर तुमच्या बाईंच्या नाहीतर गुरुजींच्या फळ्यावर नजर ठेवा, पण चूक सांगताना आवाज गोड ठेवा, बरं का!