मेलेल्या माकडाचा माग

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ एम.बी.बी.एस. झालेल्या मुलीला घेऊन आले. तिला साथरोगशास्त्रात पुढे शिकायचे आहे. "डॉक्टर, तुम्हीच समजवा हिला. ना दवाखाना, ना पेशंट, हे कसले डॉक्टर होणे?"

मी मुलीची बाजू घेतली. का, ते वाचकांनाही सांगतो.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांत माणसे तापाने फणफणली. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने अशीच माकडे मरतात. पीतज्वर आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा डास आपल्या घरोघरी आहे. त्यामुळे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले (आजची 'एनआयव्ही') टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तातडीने जंगलात गेले. विषाणू निघाला तो रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराचा भाऊबंद. डास निर्दोष, गुन्हेगार गोचीड!

खरी चिकाटी पुढेच लागली. पी. के. राजगोपालन आणि कोलंबियात पीतज्वराचा माग काढलेले होर्हे बोशेल यांच्यासारखी माणसे १९६०च्या दशकात त्या रानात राबली. जमिनीवरून कापड ओढायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या, मेलेली माकडे शोधायची. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळतात आणि नेमकी ती जागा माणसाला धोक्याची ठरते, हे अशा मोजदादीतून कळते. दवाखान्यात बसून नव्हे.

आमच्या शिक्षणात मात्र हा विषय म्हणजे परीक्षेपुरती घोकंपट्टी. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला तापाचा रुग्ण आला की मलेरियाच्या गोळ्या देऊन मोकळा होत असे. "रानात गेला होतास का?" एवढा प्रश्न कधी विचारला नाही. कोणाचे काय चुकले असेल, हे आता कळायला मार्ग नाही.

२०१६ मध्ये हाच 'माकडताप' सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला. काजूच्या बागेत जाणाऱ्यांनी एवढे करावे: अंगभर कपडे घालावेत, घरी येताच अंग तपासून आंघोळ करावी. मेलेल्या माकडाला हात लावू नये, परस्पर पुरूही नये. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. रानातून आल्यावर जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना रानाचे आधी सांगावे.

सारे ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे, पण पगार कोण देणार?"

"बहुधा सरकार," मी म्हटले. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.