मागच्या बाकावर कोण?
आपल्या तासाला निरीक्षक म्हणून सहकारी निवडायचा म्हटलं की शिक्षक हमखास चहा-डब्यातला वाटेकरी निवडतात. मग शेरा ठरलेला, ‘छान झाला!’ सोलापुरात मराठीशेजारी कन्नड, उर्दू, तेलुगू माध्यमांच्या शाळा आहेत. मराठी कवितेच्या तासाला उर्दू शाळेतल्या गणिताच्या बाईच बसवाव्यात. ‘त्यांना कविता काय कळणार?’ हा आक्षेप येणारच. पण विषय जाणणारा धडा मनातल्या मनात पुरा करतो. न जाणणारा पोरांच्या चेहऱ्यांकडे बघतो, आणि कोण कुठे हरवलं ते त्यालाच दिसतं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी २०२० च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ची निम्मी रक्कम नऊ स्पर्धकांत वाटली, इथे तर फक्त एक तास वाटायचाय. मुख्याध्यापकांनो, जोड्या चिठ्ठ्या टाकून लावा, आणि मित्रांच्या चिठ्ठ्या आधी बाजूला काढा.